खोली जशीच्या तशी

१

मैत्रीला वाटलं होतं, निदान एक खिडकी तरी असेल. झाडाकडे बघणारी, जिच्याशी बसून बाईंनी आपली शेवटची पुस्तकं लिहिली असतील अशी.

दोष तिचा नव्हता. जपानात तीन वर्षं शिकताना सुट्टी लागली की ती लेखकांची घरं बघत हिंडायची. कधी बंदराच्या गावातलं एखादं लाकडी घर, तर कधी डोंगरातल्या गरम झऱ्याकाठची खोली, जिथे कुणी एक हिवाळाभर कोंडून घेऊन कादंबरी पुरी केली होती. एकदा ती फक्त एक कॉफीचं दुकान बघायला चार तास आगगाडीत बसून गेली होती, कारण तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक कवी रोज येऊन गप्प बसायचा. अशा घरांत बूट दारात काढायचे, दिलेल्या सपाता घालायच्या आणि दोरीच्या अलीकडून बघायचं. चष्मा, टोपण काढलेलं पेन, बसून बसून दबलेली गादी. माणूस जाऊन सत्तर वर्षं झालेली, तरी खोली म्हणायची, आत्ताच उठून गेलेत, येतील एवढ्यात. बाहेर यावं तर तिथल्या म्हाताऱ्या राखणदार बाईनं आपले बूट उलटे वळवून ठेवलेले असायचे, टाचा घराकडे आणि चवडे रस्त्याकडे. जाणाऱ्याला जाणं सोपं व्हावं म्हणून. त्या वळवलेल्या बुटांनी मैत्रीला दरवेळी भरून यायचं.

आणि इथे, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये, रत्नाबाईंची खोली म्हणून काय मिळालं, तर बेसमेंट. ठेंगण्या छताचं, राखाडी कार्पेटचं. एका बाजूला ट्रेडमिल, त्यावर वाळत घातलेले टॉवेल, तांदळाच्या गोण्या, ख्रिसमसच्या दिव्यांचं खोकं. मागच्या भिंतीशी एक टेबल. दुसऱ्या बाजूला, अंगण उतरत जातं तिथे, बाहेर गवतात उघडणारं मागचं दार. खिडकी होती, पण पार छताजवळ, हातभर लांब. तिच्यातून बॅकयार्डातलं गवत मुळापासून दिसायचं.

"ये ये, जपानवाली!" राजारामकाका जिन्यावरून म्हणाले. रत्नाबाईंचा एकुलता एक मुलगा, आता स्वतःच पासष्टीचा. "अगं बूट कशाला काढलेस? ऑगस्टमध्ये घर लिस्ट करतोय. आता कार्पेटची काय काळजी!"

"राहू दे काका, सवय आहे."

"चांगली सवय आहे. आमच्या सियाला नाही लागली." सिया म्हणजे त्यांची मुलगी. घर विकून काका-काकू तिच्याकडे टेक्सासमध्ये फ्रिस्कोला जाणार होते.

ते जायच्या आत मैत्रीला हे घर वाचवायचं होतं. 'झोपलेल्यांना उठवणारी बाई' अशी रत्नाबाईंची ख्याती होती. नागपुरातून मुलाकडे आल्या तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि चार वर्षांपूर्वी याच घरात गेल्या. मैत्री बारा वर्षांची असताना त्यांनी तिचा मराठी निबंध वाचून परत हातात दिला होता. "हे पाठ केलेलं आहे, तुझं नाही. ऊठ, पुन्हा लिही." त्या एका वाक्यावर ती सातासमुद्रापार जाऊन साहित्य शिकून आली होती. तिथल्या एका स्मृतिघरात नोकरीही मिळत होती. ती नाकारून ती परतली, कारण आपल्या माणसांच्या लेखिकेचं या देशात एक तरी घर असावं, लोकांनी चपला काढून आत यावं, एवढं तिच्या मनानं घेतलं होतं.

इथल्या आपल्या लोकांचं मंडळ म्हणालं होतं, बघू. शनिवारी अकरा वाजता वीसेक जण घर बघायला येतील. पसंत पडलं तर मंडळ वर्षभरासाठी ते भाड्यानं घेईल.

तो गुरुवार होता.

२

तिच्याकडे एक फोटो होता. तोच एक, सगळ्यांच्या ओळखीचा. रत्नाबाई टेबलाशी बसल्यात, हातात पेन, नजर समोर. पुस्तकांवर आणि जयंतीच्या स्मरणिकांवर त्यातला चेहराच तेवढा छापलेला असायचा. राजारामकाकांकडच्या पाकिटात मैत्रीला मूळ प्रत मिळाली. तिच्यात टेबल होतं, खुर्ची होती, खालच्या चपलासुद्धा.

"एवढा छान फोटो, कापला कुणी?" ती मंडळाच्या सेक्रेटरी सुलेखाकाकूंना फोनवर म्हणाली होती. "पत्रकावर आपण पूर्ण छापू या. लेखक म्हणजे काय नुसता चेहरा असतो?"

"छाप बाई," सुलेखाकाकू हसल्या होत्या. "पोरगी जपानला काय जाऊन आली, आता आम्हाला फोटो कापायचा कसा ते शिकवते!"

चारशे पत्रकं छापून पोस्टातही पडली होती.

आता त्या फोटोबरहुकूम तिनं खोली लावायला घेतली. ट्रेडमिल ओढत पलीकडे नेली. टेबलावर चष्म्याचं घर डावीकडे, शाईची बाटली उजवीकडे, मधे कोरे कागद, त्यांच्यावर टोपण काढलेलं पेन. रबरी चपला एका पिशवीत सापडल्या. फोटोत होत्या तशा टेबलाखाली ठेवल्या, चवडे भिंतीकडे. खुर्ची गॅरेजमध्ये होती, हातांची, जड शिसवी, दान करायच्या सामानात टाकलेली. ती तिनं एकटीनं खाली आणली.

एकच गोष्ट राहिली. फोटोत खुर्चीच्या पाठीशी काहीतरी पांढरं दिसत होतं. टेबलाच्या तळच्या खणात ते सापडलं. पांढरी सुती साडी, विहारात नेसायची. लांबीत घडी घालत घालत तिचा चार बोटं रुंद पट्टा केलेला, आणि घड्या इतक्या जुन्या की उलगडेनात. कंबरेला टेकू देत असतील, मैत्रीला वाटलं. वयानं पाठ दुखते. फोटो मोठा करून तिनं बघितलं. पट्टा पाठीच्या दांड्यांमधून मागे गेला होता आणि मागे गाठ होती. तिनं तशीच गाठ मारली. सैलच, दिसण्यापुरती. पट्ट्याचा पुढचा भाग बैठकीवर लोळत राहिला.

लतिकाकाकू, राजारामकाकांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि तिथूनच त्यांनी कप पुढे केला. मैत्रीला उठून जावं लागलं.

"या ना काकू, बघा तरी."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

"अगदी तसंच केलंस गं," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. जाताना खालचा दिवा त्यांनी सवयीनं बंद केला. मैत्री अजून तिथेच होती, हे त्या विसरल्या असाव्यात.

३

दुपारी तिघं वर जेवायला बसली. वरण-भात, वांग्याची भाजी. राजारामकाका टेक्सासच्या उन्हाला नावं ठेवत होते.

खालून आवाज आला. कर्र. थोडं थांबून, ठक.

काकूंचा डाव हवेतच थांबला.

"खालचं पाणी उपसायचा संप पंप," काका म्हणाले. मैत्रीनं काही विचारलं नव्हतं.

"पाऊस नसताना चालतो?"

"जुना आहे गं. येतो मधूनच झटका. भात घे."

पुन्हा कर्र. या वेळी जरा लांबलेला. जड लाकडाचे सांधे ओढ खातात तसा. मग ठक.

खोली बघून येते म्हणून मैत्री उठली. तिला कुणी थांबवलं नाही, हे तिला नंतर आठवलं. खाली उन्हाची एक पट्टी कार्पेटवर पडलेली, सगळं जागच्या जागी. खुर्ची मात्र टेबलापासून मागे आली होती. फार नाही, चार बोटं.

बेसमेंटच्या जमिनीला उतार असतोच, ती मनाशी म्हणाली. पाणी कोपऱ्याकडे वाहावं म्हणून. मीच नीट टेकवली नसेल.

खुर्ची जागेवर लावायला ती गुडघ्यांवर बसली आणि तिला कार्पेटमधले खड्डे दिसले. खुर्चीच्या पायांचे, जुने. ते चारच असायला हवे होते. पण टेबलापासून मागच्या दाराच्या दिशेनं त्यांच्या रांगाच गेल्या होत्या, एकाला लागून एक, अंगठाभर अंतरानं. दाराच्या अर्ध्या वाटेवर त्या थांबत, आणि पुन्हा टेबलापासून सुरू होत. एकावर एक, किती वेळा कोण जाणे. कुणीतरी खुर्चीसकट दारापर्यंत जायला निघावं आणि दरवेळी कुणीतरी उचलून पुन्हा टेबलाशी आणून ठेवावं, तसं.

व्हॅक्युम करताना सरकवत असतील.

उठताना तिचं कोपऱ्याकडे लक्ष गेलं. संप पंप तिथे होता. त्याची वायर नीट गुंडाळून त्याच्याच डोक्यावर ठेवलेली, प्लगवर धूळ.

तिनं शनिवारच्या तयारीसाठी खोलीचे फोटो काढले आणि ऊन असतानाच घरी गेली.

४

शुक्रवारी सकाळी ती नावाच्या चिठ्ठ्या घेऊन आली. 'बाईंचं पेन.' 'बाईंचा चष्मा.' चपलांची चिठ्ठी लावायला वाकली आणि थांबली.

चपला वळलेल्या होत्या. टाचा टेबलाकडे, चवडे दाराकडे.

तिनं फोनमधला कालचा फोटो उघडला. चवडे भिंतीकडे. मग खालच्या खऱ्या चपला पुन्हा बघितल्या. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं, कारण ही खूण तिच्या ओळखीची होती. तिला वाटलं, काकूंनी केलं असेल. पण काकू कुठून शिकल्या असतील ते? आणि काकू तिसऱ्या पायरीच्या खाली येत कुठे होत्या?

ती वर गेली. दोघं किचनमध्ये वर्तमानपत्रात काचेचे पेले गुंडाळत होती.

"काका, हा फोटो कधीचा?"

"शेवटचाच. जायच्या आधी वर्षभर."

"उजवा खांदा उतरलेला दिसतोय यात. त्यांना पॅरालिसिस झाला होता ना त्याआधी?"

काकांनी पेला खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"मी म्हणाले," लतिकाकाकू म्हणाल्या. "आता म्हणतेय. उजवी बाजू गेली होती गं त्यांची. वाचाही गेली."

"पण हातात पेन आहे."

"दिलं होतं. बोटांत अडकवलं होतं."

"लतिका!"

"मग काय! पोरीनं सगळं मांडून ठेवलंय खाली, आता आणखी काय झाकायचं?"

काका मैत्रीकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर दिसत होती. "माणसं यायची तिला बघायला. फिलाडेल्फियाहून, बोस्टनहून, लहान लहान पोरं घेऊन. जिनं तीन पिढ्यांना उभं केलं ती बाई पलंगावर लाळ गाळत पडलेली दाखवायची होती का मी? तूच सांग, तुला चाललं असतं? टेबलाशी बसवायचो. आंघोळ घालून, पांढरं नेसवून. लोक त्या तिसऱ्या पायरीवरनं बघायचे. सांगायचो, बाई लेखनात आहेत, बोलणार नाहीत. रडत जायचे लोक, पाया पडून. आम्ही पाया पडण्यातले नाही, तरी पडायचे."

"आणि ती साडी?"

"तोल जायचा तिचा," काका म्हणाले. "पडली असती."

"किती वेळ बसवायचात?"

"तासभर." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "पुढे पुढे कुणी येणार असलं की दिवसभर."

ते गॅरेजमध्ये निघून गेले. टेप ओढल्याचा आवाज आला, पुन्हा पुन्हा, खोकी बंद केल्याचा.

"वाचा गेली होती म्हणालात," मैत्री हळूच म्हणाली. "काहीच बोलायच्या नाहीत?"

"एक शब्द यायचा." काकू कागदाची सुरकुती अंगठ्यानं सपाट करत होत्या. "ऊठ. मला वाटायचं, मला म्हणतायत. मी उठून पाणी आणायची, औषध आणायची. फार उशिरा कळलं गं मला. स्वतःलाच म्हणायच्या."

५

मैत्री बराच वेळ गाडीत जाऊन बसली. समोरच्या घरापुढे कुणीतरी गवत कापत होतं. उन्हाचा लख्ख दिवस होता, आणि अशा दिवशी माणसाला कुठलीही गोष्ट पटवून घेता येते.

तिनं पटवून घेतलं. बाईंची पुस्तकं खरी होती. टेबल खरं होतं. निदान आधीची नऊ वर्षं त्या तिथे आपल्या मनानं बसून लिहीत होत्या. मग त्या पुढच्या दोन वर्षांपायी सगळंच का सोडायचं? तो पट्टा तेवढा काढू. चपला ठेवू नयेत. बाकी राहू दे. उद्या लोक येतील, घर वाचेल, आणि एकदा वाचलं की मग हळूहळू खरं काय तेही सांगता येईल.

चार वाजता ती खाली उतरली. कात्री आणायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. गाठ तिनंच मारली होती, सैल.

तिसऱ्या पायरीवर तिचे पाय थांबले.

हातभर खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं आणि नेमकं खुर्चीवर पडलं होतं. खुर्ची टेबलापासून दोन हात मागे येऊन दाराकडे वळली होती. साडीचा पट्टा आता बैठकीवर लोळत नव्हता. तो वीतभर वर, हवेत होता, पुढे ताणलेला, घट्ट. कमरेएवढा गोल. त्या गोलाच्या आत काहीच नव्हतं, आतून खुर्चीच्या पाठीचे दांडे स्वच्छ दिसत होते. मागे गाठ आवळून सुपारीएवढी झाली होती.

खाली चपला होत्या, दाराकडे तोंड करून. तिच्या डोळ्यांदेखत त्यांचे चवडे दबले. रबर चेपलं गेलं, आधी डावं, मग कष्टानं, अर्धवट, उजवं.

कर्र.

खुर्चीचे मागचे दोन पाय कार्पेटवरून बोटभर वर आले. तसेच राहिले. थरथरत राहिले. कुणीतरी सगळा जीव एकवटून उभं राहायला बघत होतं आणि कंबरेचा पट्टा राहू देत नव्हता.

ठक.

मैत्री खुर्चीकडे गेली नाही. हे तिनं पुढे कधीच कुणापासून लपवलं नाही. पाच पावलांवर होती, गाठ तिच्या हातची होती, आणि वर काकांसमोर जायलाही न धजता ती भिंतीला पाठ घासत, दुसऱ्या बाजूनं, मागच्या दारातून बाहेर पळाली. बूट आतच राहिले. गवतातून पायमोज्यांनी ती गाडीपर्यंत गेली. मागे दार उघडं राहिलं होतं आणि त्याच्यातून आवाज येत होता, न घाई करता, ठरावीक अंतरानं. रोजच्या सवयीच्या माणसासारखा.

६

शनिवारी सकाळी सात वाजता तिनं बेल वाजवली. दार लतिकाकाकूंनी उघडलं. त्यांच्या हातात किचनची मोठी कात्री होती. रात्री झोप कुणालाच लागलेली नव्हती, ते विचारायची गरज नव्हती.

वस्तूला हात लावायचा नाही, जशी मिळाली तशी जपायची, हे मैत्री तीन वर्षं शिकली होती. कात्री तिनं मागून घेतली.

राजारामकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, रात्रीच्याच कपड्यात. त्यांनी वाट अडवली नाही, पण हात कठड्यावर होता.

"कापू नका गं," ते म्हणाले. "आईची शेवटची साडी आहे. मी तिला आदरानं बसवली होती, मैत्री. देवाशप्पथ म्हणत नाही, आपल्यात देव नाही. पण आदरानंच."

"मीपण आदरानंच बसवली, काका," ती म्हणाली.

त्यांनी हात काढला.

लतिकाकाकू तिसऱ्या पायरीवर थांबल्या. मग साडीचा पदर खोचला आणि चार वर्षांत पहिल्यांदा खाली उतरल्या. खुर्ची मधोमध उभी होती. पट्टा ढिला पडला होता, वाट बघून दमल्यासारखा. काकूंनी तो दोन्ही हातांनी गाठीपासून दूर धरला आणि मैत्रीनं कात्री चालवली. जुनं सूत, पण चिवट. चौथ्या दाबाला सुटलं. खुर्चीनं एक बारीक आवाज केला, वजन उतरल्यावर करते तेवढाच.

मैत्रीनं चपला उचलल्या. तळवे कोमट वाटले, पण उन्हात राहिल्या असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. खिडकीत अजून ऊन आलं नव्हतं. तिनं त्या मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या, टाचा घराकडे, चवडे ओल्या गवताकडे. दार सताड उघडं ठेवलं. मग टेबलावरचे कागद गोळा केले, पेनाला टोपण लावलं आणि सुलेखाकाकूंना फोन लावला.

"काकू, आजचं कॅन्सल करायचंय. सगळ्यांना कळवा प्लीज. खोली नाही दाखवायची."

"काय? अगं साडेआठला लोक निघतील! आमच्या नकुलनं समोसे ऑर्डर केलेत! मैत्री, तूच नाचत होतीस ना घर-घर करून? मंडळ पुन्हा नाही हं विचारणार. एकदा नाही म्हणजे नाही."

"माहीत आहे."

"कारण तरी सांग बाई."

"येऊन सांगते. काकू, ती पत्रकं... पोचली का सगळ्यांना?"

"कालच. सगळ्यांचे मेसेज आलेत, काय सुंदर फोटो म्हणून. पूर्ण फोटो कुणी बघितलाच नव्हता ना आजवर. मी तर फ्रिजवरच लावलाय." सुलेखाकाकू थांबल्या. "एक मिनिट हं. हा डिशवॉशर सकाळपासून काय करतोय कोण जाणे."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग काही क्षण नुसतं त्यांचं किचन. लांबून, सुलेखाकाकूंच्या चपलांच्या फटफट आवाजापलीकडून, मैत्रीला ऐकू आलं. कर्र. थोडं थांबून, ठक.

"बंदच आहे की हा," सुलेखाकाकू लांबून म्हणाल्या.

मैत्रीनं बूट पायात चढवले. चारशे पत्ते तिच्या लॅपटॉपमध्ये होते, पाकिटांवर तिनंच चिकटवलेले. बहुतेक जर्सीतले, पण काही लांबच्या अ‍ॅशबर्नचे आणि थोडे फ्रिस्कोचेही. जेवढे दिवस लागतील तेवढे लागोत. प्रत्येक दारात बूट काढायचे, आत जायचं, आणि फ्रिजवरून, भिंतीवरून, काचेखालून तो फोटो मागून घ्यायचा. का, हे विचारतील त्यांना खरं सांगायचं, काकांच्या नावासकट आणि आपल्याही.

"काकू, त्याला हात लावू नका," ती फोनमध्ये म्हणाली. "फक्त तुमचं मागचं दार उघडा. मी येतेय."

सुलेखाकाकूंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. कात्री तिनं शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.